मेडिकल इमेज प्रोसेसिंग आणि इमेज रिट्रिव्हल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या इमेजेसवर आणि त्यातल्या त्यात "ही इमेज घे आणि हिच्यासारख्या जुन्या केसेस शोधून दे" या प्रकारच्या सर्चवर माझं रिसर्च चालतं. प्रोजेक्टवाले विद्यार्थी, पीएचडीला नवीन लागलेले, अधूनमधून डॉक्टर, सगळ्यांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून इथे एकत्र लिहिलेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात जे आलंय ते दुसऱ्यात परत नाही लिहिलं, नंबर दिलाय.

१. मॅडम, इमेज प्रोसेसिंग आणि इमेज रिट्रिव्हल एकच का?

नाही, पण एकमेकांवाचून चालत नाहीत. प्रोसेसिंग म्हणजे एका इमेजवर काम: नॉइज कमी करणं, कॉन्ट्रास्ट सुधारणं, फुप्फुस किंवा गाठ बाकीच्या भागातून वेगळी काढणं, ज्याला सेगमेंटेशन म्हणतात. रिट्रिव्हल म्हणजे हजारो इमेजेसच्या साठ्यातून तुमच्या इमेजशी जुळणाऱ्या इमेजेस काढून त्या जवळच्या आधी, लांबच्या नंतर अशा लावणं. शब्द टाइप करून नाही, इमेजच क्वेरी म्हणून देऊन. रेडिओलॉजिस्टसमोर एखादी विचित्र सावली आली की त्यांनाही हेच हवं असतं, असं आधी कुठे बघितलंय का आणि तेव्हा शेवटी काय निघालं.

२. नेहमीचं इमेज सर्च आहे की, मग मेडिकलसाठी वेगळं कशाला?

कारण नेहमीच्या सर्चमध्ये मांजर आणि सायकल वेगळी ओळखायची असते. इथे छातीचे सगळे एक्स-रे वरवर सारखेच दिसतात, तीच बरगड्यांची रचना, तसंच हृदय, आणि फरक असतो तो एका कोपऱ्यातल्या काही मिलिमीटरच्या गाठीचा. पूर्ण इमेजची तुलना केली की सिस्टिम त्याच बांध्याच्या माणसांचे एक्स-रे आणून देते, आजार कुठलाही असो. दिसायला सारखं आणि अर्थाने सारखं यातल्या या अंतराला रिट्रिव्हलमध्ये सिमॅंटिक गॅप म्हणतात आणि या विषयातलं निम्मं काम ते अंतर कमी करण्यातच जातं असं माझं मत आहे.

म्हणून माझ्याकडे कोणी प्रोजेक्ट घेऊन आलं की मी पहिला प्रश्न विचारते, तुमच्यासाठी "सारखं" म्हणजे काय? तोच अवयव? तोच आजार? आजाराची तीच स्टेज? की ज्याला त्याच उपचाराचा फायदा झाला असा पेशंट? चारही उत्तरं बरोबर असू शकतात पण चौघांसाठी सिस्टिम वेगळी बनते, लेबल (प्रत्येक इमेजला लावलेलं उत्तर, जसं आजाराचं नाव) वेगळी लागतात, मोजमापही वेगळं. हे न ठरवता कोड लिहायला घेतला की सहा महिन्यांनी परत इथेच येऊन थांबावं लागतं.

३. मी इंजिनिअरिंगचा, बायोलॉजी दहावीनंतर सोडली. जमेल का?

जमेल. सीटी स्कॅनर ज्यांनी बनवला ते गॉडफ्रे हाउन्सफिल्ड इंजिनिअरच होते, १९७१ मध्ये पहिल्या पेशंटचा मेंदूचा स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि कॉरमॅक तर फिजिक्सचे. पण एक अट आहे. ज्या अवयवावर काम करताय त्याची नॉर्मल इमेज कशी दिसते हे तुम्हाला डोळ्याने कळलं पाहिजे. निदान दोनशे-तीनशे नॉर्मल इमेजेस एकेक करून, शांतपणे बघा, आणि जमलं तर एखाद्या रेडिओलॉजिस्टच्या शेजारी बसून ते आधी कुठे बघतात, मग कुठे, कधी थांबतात हे लक्षात ठेवा. मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते असं शेजारी बसूनच.

४. डायकॉम फाइल म्हणजे काय? सरळ जेपीजी किंवा पीएनजी करून घेतलं तर चालेल ना?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

डायकॉम हे मेडिकल इमेजेस साठवायचं आणि पाठवायचं स्टँडर्ड आहे, त्याचं आधीचं रूप १९८५ मध्ये आलं आणि डायकॉम या नावाने १९९३ मध्ये. फाइलमध्ये इमेज तर असतेच, सोबत हेडर असतं: पेशंटची माहिती, मशीन कुठलं, एक पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर, स्लाइसची (स्कॅनमधला शरीराचा एकेक काप) जाडी किती वगैरे. जेपीजी केलं की हे सगळं गेलं. मग तुमच्यासाठी ५० पिक्सेलची गाठ एका इमेजमध्ये साडेतीन सेंटिमीटरची असेल आणि दुसरीत दोन, आणि तुम्हाला ते कळणारच नाही.

दुसरं नुकसान याहून मोठं. सीटीमध्ये साधारण १२ बिट असतात, म्हणजे ४०९६ पातळ्या, आणि त्या नुसत्या उजेड-अंधाराच्या नसतात, त्यांना हाउन्सफिल्ड युनिटमध्ये अर्थ असतो. पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास, घट्ट हाड १०००च्या पुढेही जातं. साध्या जेपीजीत पातळ्या २५६. म्हणजे सगळी रेंज त्यात कोंबली तर एका पातळीत १६ युनिट जाणार, आणि मेंदूतल्या ग्रे आणि व्हाइट मॅटरमधला फरकच जेमतेम १० युनिटच्या आसपास असतो. तो पुसला गेला, आणि स्ट्रोकच्या केसमध्ये तोच तर बघायचा असतो.

मग डॉक्टर स्क्रीनवर कसं बघतात? ते विंडो लावतात. मेंदूसाठी साधारण रुंदी ८० आणि मध्य ४०, म्हणजे ० ते ८० एवढाच पट्टा पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत ताणला जातो, फुप्फुसासाठी रुंदी १५०० आणि मध्य उणे ६००. तुम्हाला पीएनजी करायचंच असेल तर आधी हेडरमधला स्लोप आणि इंटरसेप्ट (साठवलेल्या आकड्याला गुणायचा आणि मग त्यात मिळवायचा आकडा) लावून खरे हाउन्सफिल्ड काढा, मग तुमच्या अवयवाची विंडो लावा, मग सेव्ह करा, आणि मूळ फाइल कधीच टाकून देऊ नका. जेपीजी तर टाळाच, त्याचे ८ बाय ८चे चौकोन टेक्स्चरच्या फीचर्समध्ये उतरतात.

५. काही एक्स-रे उलटे दिसतात, हाडं काळी आणि हवा पांढरी. फाइल खराब आहे का?

नाही. हेडरमध्ये फोटोमेट्रिक इंटरप्रिटेशन नावाचं एक फील्ड असतं, तिथे मोनोक्रोम१ लिहिलं असेल तर मोठा आकडा म्हणजे काळा, मोनोक्रोम२ असेल तर मोठा आकडा म्हणजे पांढरा. वाचताना हे तपासून उलटवून घ्या. नाही केलं तर एरर येत नाही, मॉडेलचं ट्रेनिंग, म्हणजे उदाहरणांवरून शिकणं, गुपचूप चालू राहतं आणि रिझल्ट का बिघडले ते आठवडाभर सापडत नाही.

६. फीचर म्हणजे नक्की काय?

इमेजची आकड्यांमधली ओळख. ५१२ बाय ५१२ची इमेज म्हणजे अडीच लाखांवर पिक्सेल, ते सगळे दुसऱ्या इमेजशी एकास एक ताडून काही हाती लागत नाही, पेशंट दोन सेंटिमीटर सरकला तरी सगळं बदलतं. म्हणून इमेजमधून काहीशे आकडे काढायचे जे टेक्स्चर, आकार, कडा यांच्याबद्दल काही सांगतील. हॅरलिक यांनी १९७३ मध्ये शेजारशेजारच्या पिक्सेलच्या जोड्या मोजून टेक्स्चरची १४ मापं दिली, पुढे गॅबर फिल्टर, वेव्हलेट, लोकल बायनरी पॅटर्न अशी भर पडत गेली, आणि आता बहुतेक जण न्यूरल नेटवर्कच्या शेवटच्या लेयरच्या आधीचे आकडे घेतात, त्याला एम्बेडिंग म्हणतात.

७. डीप लर्निंग आलंय तर हॅरलिक, गॅबर, ओत्सू हे सगळं शिकायचं कशाला?

दोन कारणांसाठी. तुमच्याकडे दीडशे पेशंट असतील तर टेक्स्चरची जुनी मापं आणि एक साधा क्लासिफायर (इमेज कुठल्या गटातली ते ठरवणारा प्रोग्राम) मोठ्या नेटवर्कला टक्कर देऊ शकतो, आणि तुलना करायला तो बेसलाइन हवाच, नाहीतर तुमच्या नेटवर्कमुळे काय सुधारलं ते कोण सांगणार. दुसरं म्हणजे जुनी पद्धत चुकली तर का चुकली ते सांगता येतं. ओत्सूचा १९७९चा थ्रेशोल्ड (गडद आणि उजळ पिक्सेल वेगळे करणारी सीमा) हिस्टोग्रामला (कुठल्या पातळीचे किती पिक्सेल याचा आलेख) दोन टेकड्या आहेत असं धरून चालतो, टेकडी एकच असेल तर तो फसतो, संपलं. नेटवर्क का चुकलं ते एवढ्या सरळ सांगता येत नाही. सेगमेंटेशनसाठी मात्र २०१५चं यू-नेट हे नेटवर्क किंवा त्याचंच एखादं भावंड घेऊन सुरुवात करा, तिथे जुन्या पद्धतींवर सगळी भिस्त ठेवण्यात आता अर्थ नाही.

८. दोन इमेजेस किती जवळ आहेत हे मोजायला कुठलं अंतर घ्यावं? आणि फाइससारखी (मोठ्या साठ्यातून जवळच्या इमेजेस झटपट शोधणारी) लायब्ररी लागेलच का?

एम्बेडिंग असेल तर कोसाइन, हिस्टोग्राम असेल तर काय-स्क्वेअर वापरून बघा. अंतराच्या फॉर्म्युल्यात फार दिवस घालवू नका, फीचर चांगली असतील तर फॉर्म्युला बदलून थोडाच फरक पडतो, आणि फीचर वाईट असतील तर कुठलाच फॉर्म्युला वाचवत नाही. फक्त वेगवेगळ्या प्रकारची फीचर एकत्र जोडत असाल तर आधी नॉर्मलाइज करा, नाहीतर ज्याचे आकडे मोठे तेच जिंकतं.

लायब्ररीचं म्हणाल तर हिशोब करा. एक लाख इमेजेस, प्रत्येकीचे ५१२ आकडे, एका आकड्याला ४ बाइट, साधारण २०० एमबी झाले. एवढं तर मेमरीत सहज बसतं आणि सगळ्यांशी सरळ तुलना करूनही उत्तर लगेच येतं. अंदाजे शेजारी (म्हणजे जवळच्या इमेजेस) शोधणारं इंडेक्सिंग कोटींच्या घरात गेल्यावर बघा, कारण त्यात काही खरे शेजारी सुटतात, आणि सुटलेली केस दुर्मीळ आजाराची असेल तर नुकसान मोठं (त्यासाठी प्रश्न १४ बघा).

९. डेटा कुठून मिळेल?

छातीच्या एक्स-रेसाठी चेस्ट-एक्सरे१४ मध्ये ३०,८०५ पेशंटच्या १,१२,१२० इमेजेस आहेत, मिमिक-सीएक्सआर त्याहून मोठा आहे पण त्यासाठी आधी ट्रेनिंग कोर्स आणि करार करावा लागतो. फुप्फुसातल्या गाठींसाठी एलआयडीसी-आयडीआरआय, १०१८ सीटी. मेंदूच्या ट्युमरसाठी ब्रॅट्स. रेटिनासाठी ड्राइव्ह, त्यात फक्त ४० इमेजेस, पण रक्तवाहिन्या हाताने आखलेल्या आहेत त्यामुळे शिकायला फार चांगला. एक सांगते, चेस्ट-एक्सरे१४ची लेबल कोणी इमेज बघून लावलेली नाहीत, रिपोर्टचा मजकूर सॉफ्टवेअरने वाचून काढलेली आहेत, त्यामुळे काही चुकीची आहेत हे धरूनच चाला आणि निदान टेस्ट सेट तरी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

१०. माझी अ‍ॅक्युरसी ९९ टक्के येतेय, पेपर पाठवू का?

थांबा. आधी एक तपासा, एकाच पेशंटच्या इमेजेस ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीकडे गेल्यात का? एका सीटीत ३०० स्लाइस असतात, शेजारच्या दोन स्लाइस जवळपास जुळ्या, आणि तुम्ही स्लाइस पिसून ८०-२० केलं तर मॉडेल आजार नाही, माणूस पाठ करतं. रिट्रिव्हलमध्ये तर हे अजून ठळक दिसतं, क्वेरीच्या उत्तरात पहिले दहाच्या दहा त्याच पेशंटचे येतात आणि स्कोअर आभाळाला टेकतो. माझ्या सुरुवातीच्या कामात मी हीच चूक केली होती, आकडे बघून दोन दिवस फार आनंदात होते, मग पेशंटप्रमाणे वाटणी केली आणि ते आकडे धाडकन खाली आले. तेव्हापासून कुठलाही डेटा आला की पहिलं काम पेशंट आयडीनुसार वाटणी, आणि रिट्रिव्हलच्या उत्तरातून क्वेरीचाच पेशंट वगळणं.

एवढं करूनही ९९ येत असेल तर प्रश्न ११ वाचा.

११. आमच्या डेटावर उत्तम चालतं, दुसऱ्या हॉस्पिटलच्या इमेजेसवर ढेपाळतं. का?

कारण मॉडेलने शॉर्टकट शोधलेला असतो. २०१८ मध्ये न्यूमोनियावरचा एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की नेटवर्क एक्स-रे कुठल्या हॉस्पिटलचा आहे हेच ओळखत होतं, तंत्रज्ञ एक्स-रे काढताना कोपऱ्यात जो धातूचा मार्कर ठेवतात तोसुद्धा त्याच्या उपयोगी पडत होता, आणि ज्या हॉस्पिटलात न्यूमोनियाचं प्रमाण जास्त तिथल्या इमेजला जास्त धोका असं त्याचं गणित. कोविडच्या वेळी तर काही जणांनी कोविडचे एक्स-रे मोठ्या माणसांचे घेतले आणि कोविड नसलेले १ ते ५ वर्षांच्या मुलांच्या डेटासेटमधून, मॉडेल मूल की मोठा एवढंच शिकलं. २०२१ मध्ये अशा पेपर्सचा आढावा निघाला, दर्जाच्या चाळणीतून उरलेल्या ६२ पेपर्सपैकी एकही मॉडेल प्रत्यक्ष वापरण्यासारखं नव्हतं. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं, कारण ती सगळी माणसं मदत करायलाच धावली होती.

उपाय? इमेजच्या कडेचे मार्कर आणि अक्षरं झाकून परत चालवून बघा. फुप्फुसाचा भागच पूर्ण काळा करून बघा, तरीही मॉडेल बरोबर उत्तर देत असेल तर ते दुसरीकडेच बघतंय. आणि एका हॉस्पिटलचा डेटा ट्रेनिंगमध्ये अजिबात न वापरता शेवटच्या टेस्टसाठी बाजूला ठेवा.

१२. रिट्रिव्हलचा स्कोअर कसा द्यावा? प्रिसिजन अ‍ॅट १० पुरे का?

प्रिसिजन अ‍ॅट १० म्हणजे पहिल्या दहापैकी कामाच्या किती. द्या, सोबत मीन अ‍ॅव्हरेज प्रिसिजनही (कामाच्या इमेजेस यादीत किती वर आल्या याची सगळ्या क्वेरींवरची सरासरी) द्या, पण आजारानुसार वेगळे वेगळे द्या. साठ्यात निम्म्याहून जास्त इमेजेस नॉर्मल असतील तर नॉर्मल क्वेरीला डोळे मिटून उचललेल्या दहातही पाच-सहा बरोबर निघतात, त्या सरासरीत दुर्मीळ आजाराचं अपयश लपून जातं. म्हणून अंदाजाने उचलल्यावर येणारा आकडा पेपरमध्ये शेजारी लिहा. सेगमेंटेशनसाठी डाइस (मॉडेलने आखलेला आणि हाताने आखलेला भाग किती जुळतात याचा आकडा) वापरतात, तिथेही लहान गाठींचा डाइस वेगळा दाखवा, दहा पिक्सेलच्या गाठीत दोन पिक्सेल चुकले तरी तो घसरतो.

१३. दोन रेडिओलॉजिस्टची मतं वेगळी आली. कोणाचं बरोबर धरू?

दोन्ही जपून ठेवा. एलआयडीसीमध्ये चार रेडिओलॉजिस्टनी प्रत्येक सीटी वाचला होता, त्यात ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ म्हणून निदान एकाने तरी खूण केलेल्या जागा २६६९ होत्या आणि चौघांनीही केलेल्या फक्त ९२८. अनुभवी माणसं होती ती. म्हणजे मतभेद ही डेटातली घाण नाही, प्रश्नच तेवढा अवघड आहे. बहुमत काढून एकच लेबल ठेवलं की ही माहिती कायमची जाते. रिट्रिव्हलमध्ये उलट तिचा उपयोग करता येतो, चौघांनी मान्य केलेल्या केसला पूर्ण गुण, दोघांनी केलेल्याला अर्धे, अशी श्रेणी लावून स्कोअर काढा.

१४. दुर्मीळ आजाराच्या फक्त सात-आठ केसेस आहेत. काय करू?

खरं म्हणजे रिट्रिव्हलचा सगळ्यात जास्त उपयोग इथेच आहे. सात केसेसवर क्लासिफायर शिकत नाही, पण सात केसेस साठ्यात असणं आणि आठवी आली की त्या वर येणं हे शक्य आहे. नेटवर्क मोठ्या, लेबल नसलेल्या डेटावर ट्रेन करून घ्या आणि या सातांना ट्रेनिंगमधून बाहेर ठेवून एकेक क्वेरी करून बाकीच्या सहा कितव्या नंबरवर येतात ते बघा. आकडा छोटा असेल तर टक्केवारी लिहू नका, सरळ सातपैकी किती ते लिहा. आणि कॉपी करून, फिरवून सातच्या सातशे केल्या तरी पेशंट सातच राहतात.

१५. ऑगमेंटेशनमध्ये (इमेजेस थोड्या बदलून डेटा वाढवताना) इमेज आडवी फ्लिप केली तर चालते ना?

मांजराच्या फोटोला चालते. छातीचा एक्स-रे फ्लिप केला की हृदय उजवीकडे जातं, आणि हृदय उजवीकडे असणं ही खरीखुरी अवस्था आहे, डेक्स्ट्रोकार्डिया. रेटिनाची इमेज फ्लिप केली की उजवा डोळा डावा होतो. पॅथॉलॉजीच्या स्लाइडला मात्र वर-खाली, डावं-उजवं काही नसतं, तिथे हवं तसं फिरवा. असंच एक सॉफ्टवेअरमधलं: डायकॉम आणि निफ्टी (स्कॅन साठवायचा आणखी एक फाइल फॉरमॅट) यांच्यात डावं-उजवं मोजायची दिशा उलट आहे, रूपांतर करताना मास्क (ट्युमरची आखलेली जागा) एका बाजूला आणि ट्युमर दुसऱ्या बाजूला जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक डेटासेटमधल्या दहा केसेस तरी व्ह्यूअरमध्ये उघडून बघाच.

१६. सीटीवर केलेलं जसंच्या तसं एमआरआयवर चालेल का?

नाही. एमआरआयला हाउन्सफिल्डसारखं ठरलेलं माप नाही, त्याच माणसाचा त्याच मशीनवर परत स्कॅन केला तरी आकडे बदलू शकतात, शिवाय कॉइलमुळे (सिग्नल पकडणारा मशीनचा भाग) एका बाजूला उजेड आणि दुसरीकडे अंधार असं येतं. आधी बायस फील्ड दुरुस्ती, म्हणजे हा असमान उजेड सारखा करणं, एन४ ही पद्धत त्यासाठी नेहमी वापरतात, मग प्रत्येक स्कॅनचं वेगळं नॉर्मलायझेशन, आणि टी१, टी२, फ्लेअर या एमआरआयच्या वेगवेगळ्या प्रकारांची सरमिसळ कधीच करू नका.

१७. पेशंटचं नाव काढलं म्हणजे डेटा निनावी झाला ना?

नाही झाला. नाव हेडरमध्ये अनेक जागी असतं, खासगी टॅगमध्येही, आणि सोनोग्राफीत तर बऱ्याचदा इमेजच्या पिक्सेलमध्येच छापलेलं असतं, हेडर पुसून ते जात नाही. आणि डोक्याचा एमआरआय असेल तर त्यातून चेहरा थ्रीडीमध्ये उभा करता येतो. २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांवर हे करून बघितलं होतं, चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यातले ७० जण फोटोंवरून बरोबर जुळवले. म्हणून डोक्याचे स्कॅन शेअर करण्याआधी चेहऱ्याचा भाग काढून टाका, आणि एथिक्स कमिटीची परवानगी कामाच्या आधी घ्या, नंतर नाही.

१८. मॅडम, आईचा सीटी पाठवतोय, तुमच्या सिस्टिममध्ये टाकून सांगाल का काय आहे?

हा प्रश्न जवळजवळ दर आठवड्याला येतो आणि प्रत्येक वेळी नाही म्हणताना जड जातं. मी डॉक्टर नाही, आणि माझी सिस्टिम रिसर्चसाठी आहे, तिला निदानासाठी कुठल्याही नियामकाची मान्यता नाही. शिवाय ती उत्तर देतच नाही, ती जुन्या केसेस दाखवते, आणि "तुमच्यासारख्या दहापैकी सहा कॅन्सरच्या" असं वाचून घरात जी रात्र जाईल तिला काही आधार नसतो, कारण साठ्यात गंभीर केसेस मुळातच जास्त असतात, साधे पेशंट तिथपर्यंत पोचतच नाहीत. रिपोर्टबद्दल शंका असेल तर मूळ डायकॉमची सीडी किंवा लिंक मागून घ्या, फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो नको, आणि ती दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला दाखवा. आधीचे स्कॅन असतील तर तेही सोबत न्या, बऱ्याचदा आजच्या एका स्कॅनपेक्षा दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनशी तुलना करूनच जास्त कळतं.